हवेत उघडलेलं बक्कल

लातुरात माझं दोन मजली पक्कं घर आहे आणि मी झोपतो अंगणातल्या पत्र्याच्या खोलीत. ही गोष्ट आमच्या गल्लीत कुणापासून लपलेली नाही. घरात वर-खाली मिळून चौदा पोरं भाड्यानं राहतात, मेडिकलच्या परीक्षेची तयारी करणारी. कुणी लोह्याचा, कुणी शिरूर अनंतपाळचा, दोघं-तिघं पार नांदेडच्या पलीकडचे. दर जूनला नवी खेप येते आणि आठवडा संपायच्या आत एखादा तोंडाळ पोरगा विचारतोच, "सर, घर तुमचं, मग तुम्ही पत्र्यात कामून?" मी म्हणतो, "तुझ्या पेपरात येणार आहे का हे? मग गप फिजिक्सची गणितं सोडव."

चिडायचं कारण एवढंच की उत्तर देताना लाज वाटते. मी जन्मभर फिजिक्स शिकवलं. घर बांधताना सळई केवढी, बीम कुठून कुठं, काँक्रीटला पाणी किती दिवस मारायचं, सगळं स्वतः उभं राहून करून घेतलं. कागदावर हे घर भूकंपाला पुरून उरतं. पण झोप कागदावर लागत नसते. स्लॅबखाली पाठ टेकली की माझे कान टवकारतात, आणि खालून ट्रक गेला तरी मी दारात उभा असतो.

आमचं गाव भूकंपात बसलं. दगडमातीच्या रुंद भिंती आणि वर हातभर मातीचं माळवद, तसली घरं होती आमच्याकडं. उन्हाळ्यात आत गारवा राहायचा म्हणून लोक कौतुक करायचे. त्या पहाटे मी, बायको आणि दीड वर्षाची मुलगी दाराजवळच्या खोलीत होतो. हलायला लागलं तशी बायकोनं पोरीला उचललं, मी कडी काढली आणि आम्ही तिघं अंगणात जाऊन पडलो. आई-वडील आतल्या खोलीत होते. ते माळवदाखालीच राहिले.

त्यानंतर दोन वर्षं आम्ही सरकारी पत्र्याच्या शेडमध्ये काढली. जमीन अधूनमधून घुरघुरायची. मग घराघरात कामं वाटून घेतलेली असत, कुणी म्हातारीला धरायचं, कुणी शेळी सोडायची. आमच्याकडं पोरगी बायकोकडं आणि कडी माझ्याकडं. हललं की मी झोपेतसुद्धा उठून कडी काढायचो. कितीदा तर काही हललेलं नसायचं, बायकोनं कूस बदललेली असायची, आणि मी दार सताड उघडून बाहेर उभा. ती हसायची. म्हणायची, "या आत, कुत्रं बी उठलं न्हाई अजून."

मग लातूर. तिथं क्लासचा जमाना सुरू होत होता. सकाळी सहाला सायकलींचे थवे निघायचे, आणि लातूर पॅटर्न म्हणलं की बाहेरचा माणूस मान डोलवायचा. मी आधी दुसऱ्यांच्या क्लासात शिकवलं, मग स्वतःचा फळा लावला. मुलगी दहावी झाली आणि माझ्याच बॅचला येऊन बसली. मी पहिल्याच दिवशी सांगितलं, वर्गात बाबा म्हणायचं नाही. ती दोन वर्षं शेवटच्या बाकावर बसून मला सर म्हणत राहिली. दुसऱ्यांच्या पोरांना मी रोज विचारायचो, जेवलास का, झोपलास का, घरी फोन केलास का. तिला कधी विचारलं नाही. घरचीच तर होती. आता वाटतं, काय बावळट माणूस होतो मी!

ती शिकली, पुण्याला कंपनीत लागली. तिचं लग्न झालं आणि दोन वर्षांत मोडलं. का मोडलं ते तिनं तिच्या आईला सांगितलं, मला सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. मग तिची आई कॅन्सरनं गेली. तोवर लातुरात मोठे क्लास आले होते, गार हवेचे वर्ग, परराज्यातले मास्तर, भिंतीएवढे पडदे. आमच्यासारखे खडूवाले घरी बसले. आता वरच्या पोरांचं "गुड मॉर्निंग सर" आणि "गुड नाइट सर", एवढंच काय ते दिवसभरात माझ्याशी कुणी बोलतं. मधले बारा-चौदा तास मी पेपर वाचतो, तोच पेपर परत वाचतो, आणि नळाला पाणी आलं की जरा बरं वाटतं, काम निघतं.

मुलीनं पुण्यात अकराव्या मजल्यावर घर घेतलं. "बाबा, या ना राहायला," दर फोनला एकच. मी जायचो, पण संध्याकाळी परतीची गाडी धरायचो. एकदा गाडी हुकली. मी तिच्या घरी जेवलो, अंथरूण घातलं होतं त्याच्याकडं बघितलं आणि "जरा पाय मोकळे करतो" म्हणून खाली उतरलो. वॉचमनची केबिन पत्र्याची होती. तिथं त्याच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर मी घोरलो. सकाळी अख्ख्या सोसायटीनं बघितलं. वॉचमन तर मला आग्रहानं चहा पाजत होता. मुलगी खाली आली आणि नुसती लाल झाली.

गाडीत बसवताना मात्र फुटली. "लोक काय म्हणत असतील, मी बापाला खाली झोपवते? उंचीची भीती आहे ना तुम्हाला? मग ती एकदा मोडू या. मावळात डोंगरावरून उडवतात. मोठा कापडाचा पंख असतो आणि आपल्या मागं पायलट बसलेला असतो. माझ्या ऑफिसातल्या सगळ्यांनी केलंय, मीही केलंय. तुम्ही उडलात, तर पुढच्या महिन्यात सामान घेऊन कायमचं यायचं. नाही उडलात, तर मी हा विषय परत काढणार नाही."

भीती उंचीची नव्हती. मला ते कळत होतं. पण मी म्हणलं, असेल बाबा उंचीचीच, आपल्याला काय ठाऊक. कारण मला जायचं होतं. लई जायचं होतं. दोन माणसांचा स्वयंपाक असलेल्या घरात बसून जेवायचं होतं मला. ती संध्याकाळी आली की दार मी उघडावं, एवढी साधी इच्छा होती. त्यासाठी डोंगरावरून उडी मारायची असेल तर उडी.

निघताना शेजारचे दर्जीचाचा माझ्या पँटला बेल्टचे पट्टे घट्ट मारून देत होते. सगळं ऐकून त्यांनी मशीन थांबवली. "इस उमर में उडने कू जारै क्या सर? चिड्या हैं क्या तुम?" मग चष्म्यावरून बघत म्हणाले, "बेटी के घर जाने का रस्ता आसमान से हय तो जाव, अल्ला खैर करेगा." पैसे मात्र घेतले नाहीत, म्हणाले आल्यावर द्या.

डोंगर म्हणजे आपल्याकडच्या माळासारखा नव्हे. एकदम उभा, वर गवताचं पठार आणि पुढं काहीच नाही. खाली धरणाचं पाणी पसरलेलं, त्यात डोंगरांचे पाय बुडालेले, मधे एक हिरवं बेट. आम्ही मराठवाड्याची माणसं. एवढं पाणी एका जागी उगाच पडलेलं बघून मला आधी रागच आला. आमच्याकडं रेल्वेनं पाणी आणायची वेळ आली होती आणि इथं ह्यांच्याकडं हे असं नुसतं चमकत पडलंय!

एक कागद भरून द्यायचा होता. वय, वजन, बीपी, शुगर. शेवटी एक ओळ, काही झाल्यास कुणाला कळवायचं. मी मुलीचं नाव लिहिलं. खाली अजून एका नावाची जागा होती. मी पेन धरून बसलो. चाचांचं लिहावं का? चौदा पोरांपैकी एखाद्याचं? कागद गोळा करणारी मुलगी म्हणाली, "एकच चालेल काका." चालेल तर चालेल. मी कागद देऊन टाकला.

माझी मुलगी खाली उतरायच्या शेतात जाऊन थांबणार होती, तिला माझं उतरणं बघायचं होतं. जाताना तिनं माझ्या शर्टाचं वरचं बटण लावलं. "घाबरू नका. मागं माणूस आहे." मी म्हणलं, "तू जा, मी काय पहिलीतलं पोरगं हाय का?"

मग वाऱ्याची वाट. कुणी सांगितलं नव्हतं की उडण्यातला निम्मा वेळ बसण्यात जातो. काठीला बांधलेली कापडी पिशवी कधी इकडं तोंड करायची, कधी तिकडं. माझा पायलट चाळिशीतला, उन्हानं रापलेला, गवतावर तंबाखू मळत बसलेला. बोलायला मोकळा होता. म्हणाला, त्याच्या आज्याचं गाव त्या पाण्याखाली आहे. उन्हाळ्यात पाणी उतरलं की देवळाचा कळस दिसतो. मी म्हणलं, माझंही गाव गेलंय, पण जमिनीनं खाल्लं. त्यानं मळणं थांबवलं. "किल्लारीकडचे का तुम्ही?" म्हणलं, "त्याच अंगचे." तो "हं" म्हणाला. पुढं काही विचारलं नाही, हे मला आवडलं.

मांड्यांना पट्टे, छातीवर एक मोठं काळं बक्कल, डोक्यावर टोपी. तो मागं, मी पुढं. एका काठीवर कॅमेरा लावून माझ्या हातात दिला, दोरीनं मनगटाला बांधला. म्हणाला, "मी म्हणलं की पळायचं. जमीन संपली तरी पळायचं. मधेच बसायचं नाही." आयुष्यभर पोरांना पळ पळ म्हणत आलो, आता माझी पाळी. तो ओरडला, "पळा!" मी पळालो. मागून काहीतरी जोरात ओढायला लागलं, पाय जड झाले, आणि मी अजून पळतोच आहे तर खाली गवत नव्हतं. मी हवेत पाय मारत होतो. मागून तो हसला, "बास काका, पोचलो. आता बसा निवांत."

फार शांत होतं. मला वाटलं होतं कानात वारं घोंघावेल, डोळे मिटतील, देव आठवेल. तसलं काही नाही. खुर्चीत बसावं तसं बसलो होतो आणि पाय पाण्याच्या वर लोंबत होते. आम्ही कड्याला घासत एकदा उजवीकडं, एकदा डावीकडं जात होतो. पायलटच्या अंगावरचं एक छोटं यंत्र टी-टी करायचं, वर चढलो की भरभर. उंचीची भीती? हॅट! मी खुशाल वाकून बघत होतो. एक बाई बांधावर धुणं वाळत घालत होती. एका घराच्या अंगणात लाल मिरच्या पसरल्या होत्या. कुणी वर बघत नव्हतं.

आणि मला रडू आलं. कारण सांगतो, हसू नका. पायलटची छाती माझ्या पाठीला टेकलेली होती. तो बोलला की त्याचा आवाज माझ्या पाठीत उमटायचा. बायको गेल्यापासून माझ्या एवढ्या जवळ कुणी बसलं नव्हतं. पोरं पाया पडतात, वाकतात आणि जातात. मुलगी येते तेव्हा खांद्याला हात लावते. पण असं पाठीला पाठबळ देऊन कुणी बसलेलं आठ वर्षांत नाही. पैसे देऊन घेतलेलं पाठबळ होतं, तरी मी तसाच टेकून बसलो. टोपीच्या पट्ट्याखाली पाणी गेलं. तो म्हणाला, "वाऱ्यानं येतं डोळ्यात." मी म्हणलं, "हाव."

मी मनातल्या मनात सामान बांधायला लागलो होतो. चार शर्ट, दोन पँटी, तिच्या आईचा फोटो, कुकर तिच्याकडं असेलच. पोरांचं भाडं चाचांच्या मुलाकडं सोपवायचं. पत्र्याची खोली मोडून टाकायची. झालं की! एवढं सोपं होतं तर मी इतकी वर्षं काय करून राहिलो होतो?

तेवढ्यात हललं.

कड्याच्या एका नाकावरून आम्ही वळत होतो आणि खालून हवेचा धक्का आला. आधी वर उचलल्यासारखं झालं, मग एकदम खाली. डोक्यावरचा एवढा मोठा पंख थरथरला, त्याची एक कड दुमडली आणि फडाफडा आवाज झाला. डोक्यावर काहीतरी हलतंय, बुडाखालचं हलतंय. माझ्या डोळ्यांसमोर ना डोंगर राहिला, ना पाणी. कॅमेऱ्याची काठी हातातून सुटली. माझा उजवा हात छातीवर गेला, बक्कल दोन्ही बाजूंनी दाबलं आणि ते उघडलं. टक्. मी हात खाली मांडीच्या पट्ट्याकडं नेला.

मी पडायला निघालो नव्हतो, हे समजून घ्या. मी बाहेर निघालो होतो. हललं की बाहेर पडायचं, कडी माझ्याकडं. मला खरंच वाटत होतं की हे उघडलं की अंगण आहे.

पायलटनं दोन्ही दोऱ्या एका हातात घेतल्या आणि दुसऱ्या हातानं माझा पंजा धरला. असा धरला की बोटं मोडतात की काय. "काका! काका, ऐका. इथं बाहेर न्हाई. इथं बाहेर म्हंजे खाली!" मी म्हणलं, "हलून राहिलंय." तो म्हणाला, "हलू द्या. हवा हाय, हलणारच ती. पंख उघडला बघा परत. वर बघा." मी वर बघितलं. उघडला होता. तो हळू आवाजात म्हणाला, "आता बक्कल लावा. मला दोन हात लागत्यात. तुम्हीच लावा." तिसऱ्या खेपेला ते बसलं. त्यानं दोनदा विचारलं, "टक् झालं का?" मी दोनदा सांगितलं, "झालं."

आम्ही खाली सरकत आलो. शेत जवळ आलं, त्यानं "उभं राहा, पळा" म्हणलं, मी चार पावलं पळालो आणि गुडघ्यावर बसलो. मुलगी धावत आली. टाळ्या वाजवत होती, फोटो काढत होती, रस्त्यावरच्या अनोळखी माणसांना सांगत होती, "माझे वडील! बासष्ट वर्षांचे आहेत!" एवढी खूश मी तिला लहानपणी बघितली होती, त्यानंतर नाही.

ती माझ्यासाठी पाणी आणायला गेली, तेव्हा पायलट कॅमेरा घेऊन बाजूला आला. दोरीला लोंबकळत कॅमेऱ्यानं सगळं टिपलं होतं. चित्रात नुसतं आभाळ आणि पाणी गरगरत होतं, पण आवाज स्वच्छ होता. "इथं बाहेर न्हाई," तो ओरडत होता. त्यानं मला विचारलं, "हे पोरीला द्यायचं का?" मी मान हलवली. नको. "मग एवढं काढून टाकतो. आधीचं चांगलं आलंय." अंगठ्यानं त्यानं ते पुसलं. मग म्हणाला, "काका, परत मात्र कुठं उडू नका." तो रागावून म्हणाला नाही, घरच्या माणसानं सांगावं तसं म्हणाला.

वाटेत आम्ही पिठलं-भाकरी खाल्ली. ती व्हिडिओ परत परत बघत होती. "एवढाच कसा?" "बॅटरी गेली म्हणे." "तुम्ही कसे बघा वाकून बघताय! आणि म्हणे अकरावा मजला!" तिनं मामाला फोन लावला, मैत्रिणीला लावला, सगळ्यांना तेच, बाबा उडले, बाबा येणार राहायला. माझ्या ताटात भाकरी तशीच होती. मी एकदा तोंड उघडलं, तर ती म्हणाली, "ठेचा घ्या ना," आणि मी ठेचा घेतला.

घरी पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. लिफ्टमध्ये ती गुणगुणत होती. दार उघडलं आणि मला थेट आतल्या खोलीत नेलं. "डोळे मिटा. हं, उघडा." खोलीला नवा रंग दिलेला. खाट, तिच्यावर कोरी निळी चादर. आणि समोरच्या भिंतीवर फळा. खरा, काळा, लाकडी चौकटीचा. खाली पट्टीवर खडूची डबी आणि डस्टर. "आजकाल मिळत नाहीत हे. बनवून घेतला. सोसायटीतली चार पोरं तयार आहेत, फिजिक्सला रडतात सगळी. मी सांगून ठेवलंय, माझे बाबा येतायत."

मी फळ्यावर हात फिरवला. वर छत होतं. पंखा होता. मी मोजलं, माझी नजर दोनदा दाराकडं गेली. आता बोललो नाही तर कधीच बोलणार नाही, हे मला कळलं, आणि मी सांगितलं. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. हलणं, बक्कल, टक्, पायलटचा हात, पुसलेला व्हिडिओ. भीती उंचीची नाही, हेही सांगितलं.

ती खाटेच्या कडेला बसली. "उघडलं होतं? पूर्ण?"

"छातीचं पूर्ण. मांडीचं राहिलं."

"म्हणजे मी खाली टाळ्या वाजवायला उभी, आणि तुम्ही..." तिनं तोंडावर हात धरला. मग हात काढला आणि जे बोलली ते असं, थांबत थांबत. "मीच पाठवलं तुम्हाला. मला वाटलं एकदाचं होऊन जाईल."

मी म्हणलं, "तुझा काय दोष? तू माझ्या सोयीसाठीच करून राहिलीस ना."

"तुमच्या सोयीसाठी?" ती एवढ्या मोठ्यानं म्हणाली की मी दचकलो. "बाबा, मी माझ्यासाठी करून राहिले! तुम्हाला काय वाटतं, तुम्ही तिथं एकटे म्हणून मला दया येते? रोज सातला मी कुलूप उघडून ह्या घरात येते. दिवे लावते, टीव्ही लावते, नुसता आवाज पाहिजे म्हणून. ऑफिसात मला मॅडम म्हणतात, इथं खाली वॉचमन मॅडम म्हणतो. आई गेल्यापासून मला नावानं हाक मारणारं माणूस उरलं नाही. तुम्हीसुद्धा फोनवर 'ऐक गं' म्हणता. मला घरात कुणीतरी पाहिजे, बाबा."

आठ वर्षं मी समजत होतो की पोरगी म्हाताऱ्या बापाची चिंता करते. तिच्या शेवटच्या बाकासारखंच होतं हे. मी कधी विचारलंच नव्हतं. माझ्या तोंडात आलं होतं की राहतो, इथंच राहतो, काही झालं तरी राहतो. तेवढ्यात लिफ्ट वर आली असावी. भिंतीतून बारीक घरघर उमटली आणि मी बोलायच्या ऐवजी दाराच्या बाहेर पॅसेजमध्ये होतो. चप्पलसुद्धा पायात होती. कधी घातली ते मला सांगता येणार नाही.

मी परत आत आलो तेव्हा ती रडत नव्हती. तिनं खाटेवरची निळी चादर काढली होती आणि एकटीच तिची घडी घालत होती. मोठ्या चादरीला दोन माणसं लागतात. मी दुसरं टोक धरलं. आम्ही दोघांनी मिळून घडी घातली, ती पुढं आली की मी पुढं जायचो, आणि शेवटी तिनं ती माझ्या हातून घेऊन कपाटात ठेवली. "संध्याकाळची एक गाडी आहे," ती म्हणाली. "मिळेल."

तिनं मला स्टॅंडवर सोडलं. पाया पडली, पाण्याची बाटली दिली, "पोचलात की फोन करा" म्हणाली. मी दुसऱ्या दिवशी फोन केला, पण पोचल्यावर नाही, संध्याकाळी सात वाजून गेल्यावर. दोन रिंग झाल्या. मागं टीव्ही चालू होता. मी तिला नावानं हाक मारली, पूर्ण नावानं, तिची आई मारायची तशी. टीव्ही बंद झाला.

"काय बाबा?" ती म्हणाली.

काम काहीच नव्हतं. मी परत एकदा तेच नाव घेतलं. बराच वेळ तिनं फोन ठेवला नाही.